पहिला घास गुलदाणीला

गोदे, काल बारवेवर चार माणसांत मी सांगितलं, की आपल्या काळ्या गाईनं एकदा वाघाला शिंगावर उचललं आणि थेट परळीच्या बाजारात नेऊन सोडलं, आणि तिथं त्या वाघाला गिऱ्हाईकसुद्धा लागलं. चौघांनी माना हलवल्या. एकजण "अरारारा" म्हणाला. पण एकालाही विचारायचं सुचलं नाही, की आवो, आपल्याकडं काळी गाय हुती कवा? ते तुझं काम होतं. तू पदराआडून तेवढं एकच बोलायचीस आणि माझा वाघ तिथल्या तिथं मांजर व्हायचा. आता माझ्या थापांना आडवं येणारं कुणी राहिलं नाही. मोकाट सोडलेल्या बैलांसारख्या गावभर हिंडतात, आणि हिंडून हिंडून फार केविलवाण्या दिसतात.

लोक येतात, ओसरीवर बसतात, "सोन्यासारखी बाई गेली" म्हणतात. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, सोनं कसलं रे, तिखट होती ती. सोनं गप्प बसतं.

तू गढीच्या चुलीवर फोडणी टाकलीस की तिकडं धर्मापुरीच्या देवळातल्या दगडी बायका भिंतीवरच्या भिंतीवर शिंकायच्या. हे मी सांगायचो तेव्हा तू म्हणायचीस, "दगडाला नाक तरी हाय. तुमाला तर नुसती जीभच दिलीया देवानं." मोमिनाबादच्या छावणीतला तो रिसालदार आठवतो? तुझ्या हातचं जेवला आणि जाताना घोडा विसरून पायी निघाला. यात थाप फक्त घोड्याची आहे. जेवला होता तो तसाच.

आपण दोघं गढीचे चाकर. देशमुखांना सगळं गाव मालक म्हणायचं, आपणही म्हणायचो. त्यांची चूल तुझ्याकडं, आणि त्यांचा हुक्का भरणं नि त्यांना डोळा लागेपर्यंत बोलत राहणं माझ्याकडं. माणूस दिलदार, पण जेवायला बसला की बकऱ्यासारखा भेदरायचा. त्यांचे वडील भरल्या ताटावर कलंडले होते, आणि भाऊबंदांनी जहर घातलं असं मालकांच्या मनानं धरलं होतं. घास हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडं बघत बसायचे. घासाला लाज वाटावी इतकं.

म्हणून तर ती गुलदाणी आली. हैदराबादेत कुण्या नवाबाच्या हवेलीतलं सामान विकायला निघालं होतं. मी मालकांसोबत होतो. तिथला सौदागर म्हणाला, "देशमुखसाब, ये गोरी है. जहर लगा तो चटक जाती." गोरी म्हणजे एक चिनी माती, जहर लागलं की तडकणारी. खऱ्या गोरीच्या रकाब्या असतात, बादशहा त्यांत जेवायचे, म्हणे. पण आम्ही पोचेपर्यंत रकाब्या खपल्या होत्या. उरली होती एक फुलं ठेवायची गुलदाणी. मालक म्हणाले, माती तीच, हुन्नर तोच, बांधा. आणि ज्या भांड्यात बेगमांनी गुलाब ठेवावेत, त्यात आपल्या गढीवर रोज आमटी पडायला लागली. जेवायला बसलं की पहिला घास गुलदाणीला. ती गप्प राहिली की दुसरा मालकांना.

ती आली त्या दिवशी सगळं गाव बघायला लोटलं. मी उंबऱ्यावर उभा राहून सांगत होतो, की हा रंग पृथ्वीवरचा नाही, चीन-माचीनच्या पलीकडं एक तळं आहे, त्याच्या तळाशी सूर्य पोचतो तेव्हा तिथं हा रंग असतो. तू गर्दीतून पुढं आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "मुगाच्या कढनाचा रंग हाय." झालं. तेव्हापासून सगळ्या गावाला ती मुगाचीच दिसायला लागली.

तिच्या अंगभर पांढरी फुलं होती, काळ्या देठांची. मी म्हणालो रंगवलीत. तू बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "वर न्हाईत ती. आत हायत. कोरून भरल्यात." मला लगेच बिदरचं काम आठवलं, काळ्या धातूत चांदी भरतात ते. तुझं खरं आहे हे कळलं. पण बायकोचं इतक्या लवकर कबूल करायचं म्हणजे काय? मी म्हणालो, चांगलं रंगवलेलं हाताला लागत नसतं. तू बाही सारलीस नि हातावरचं गोंदण माझ्यापुढं धरलंस. "ह्ये लागतंय का हाताला? काढा बगू घासून." मी खरंच घासलं, गोदे. चारचौघांत. तू हात मागं घेतला नाहीस. तुझ्या सावळ्या अंगावर हिरवं गोंदण आणि त्या भांड्याच्या हिरव्या अंगावर पांढरं. तेवढा एकच दिवस मला ती गुलदाणी आवडली असेल.

धुवायची तुला. तिच्या गळ्यात हात जायचा नाही. तू आत कण्या नि राख टाकून पाणी खळाखळा हलवायचीस आणि तिला शिव्या द्यायचीस. माझी चिनी सासू, म्हणायचीस. "रोज आदी हिला वाढायचं, मग ही माजा सैपाक गोड मानती का बगायचं. खरी सासू मेली, ही मातीची आनली."

मग तो पौष आला. थंडी अशी, की चुलीतला विस्तव गोधडी मागत होता. गुलदाणी खिडकीच्या कोनाड्यात गार पडलेली. मालकांना त्या सकाळी तालुक्याला जायची घाई. एरवी तू येसराची आमटी, धान्यं-मसाले भाजून दळलेल्या पिठाची, उतरवून जरा निवू द्यायचीस. त्या दिवशी चुलीवरची उकळती तशीच पानावर आली. मालकांनी आपल्या हातानं पळीभर घेतली आणि गुलदाणीत सोडली.

टिंग.

एवढासा आवाज. पैंजणाचं घुंगरू गळून पडावं तेवढा. पण मालकांच्या हातातली पळी खाली पडली. बघितलं तर काठापासून एका फुलापर्यंत केसाएवढा तडा.

"गोदे, काय घातलंस?"

"येसर घातलं, मालक. मीठ, मिरची, तेल."

"अजून?"

"कोथमीर हुती. ती बी घातली."

एरवी मी हसलो असतो. बाईसाहेबांनी, म्हणजे मालकिणीनं, तोंडाला पदर लावला होता. गढीतली सगळी माणसं दाराशी गोळा झाली होती. तू एकदा सगळ्यांकडं बघितलंस. आत गेलीस, पातेलं उचलून आणलंस, सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसलीस आणि त्यात भाकरी कुस्करून जेवायला लागलीस. घाई नाही, रडणं नाही. कणसं खुडावीत तसा एकेक घास. इतकी माणसं उभी होती, एकही म्हणाला नाही की बाई, थांब. सगळे तुझ्या मरणाची वाट बघत होते. मीसुद्धा तुझ्या तोंडाकडं बघत होतो, गोदे. कशासाठी बघत होतो, ते तू मला जन्मात विचारलं नाहीस. मीही बोललो नाही. आजही ते मला नीट सांगता येत नाही, आणि मी तर शेळीच्या पोटातलं सांगणारा माणूस.

पातेलं पुसून खाल्लंस. हात धुतलेस. "जेवले. आता?"

आता काय! कुणीतरी म्हणालं, जहर सावकाश चढतंय. तुला कोठारात घालून बाहेरून कडी लावली. सकाळी दार उघडलं तर तू पायलीभर ज्वारी निवडून बसलेली. म्हणालीस, "किडं झाल्यात जवारीत. ऊन दावा." ते बघून तरी माणसं भानावर यावीत की नाही? तर म्हणाले, पचवलं! जहर पचवलं! चेटूक येतंय तिला! मालकांनी परत कडी लावायला सांगितली आणि मोमिनाबादच्या पोलीस ठाण्यावरच्या अमीनाला बोलवायला माणूस निघाला. अमीनानं नेलेली बाई कशी परत येते, आणि आली तर गाव तिला कुठल्या पंगतीला बसवतं, हे आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको.

तेव्हा मी पुढं झालो.

"मालक," म्हणालो, "अमीन बोलवा. जरूर बोलवा. पण हैदराबादच्या हकिमाचं बोलणं इसरला का काय?"

"कोणता हकीम?"

"तो दाढीवाला."

हैदराबादेत बिनदाढीचा हकीम दाखवा. मालकांनी डोळे बारीक केले आणि त्यांना आठवला. "हां, हां. दाढीवाला."

"त्यो काय म्हणला? गोरीला जहर लागलं तर तिच्या ठिकऱ्या उडतात, आणि उडताना ती गाढवावानी वरडती. मोमिनाबादपातुर ऐकू जातंय. वरडली का? न्हाई. नुसती टिंग वाजली, केसाएवढा तडा गेला, तर समजायचं, मालकावर येनारी बला तिनं आपल्या अंगावर घेतली. तुमचं मरण आलतं मालक, काल. उंबऱ्यापातुर आलतं. ह्या बाईनं झेललं." आणि मी गुलदाणीपुढं डोकं टेकवलं.

काय सांगू! मालक लहान मुलासारखे रडले. गुलदाणीला शालू पांघरला. दृष्ट काढली. साखर वाटली. हलगी वाजली. अमीनाकडं गेलेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून परत आणायला घोडा पिटाळला. त्या सगळ्या गोंधळात कोठाराजवळून जाता जाता कुणीतरी सहज कडी काढली. तू बाहेर आलीस. तुझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

घरी येताना मी अर्धा रस्ता स्वतःचीच तारीफ करत होतो. दाढी कशी सुचली, गाढव कसं सुचलं. ओढा ओलांडला तेव्हा तू थांबलीस.

"मी खरी हाय म्हनून सुटले न्हाई," म्हणालीस. "तुमी खोटं हाव म्हनून सुटले."

"सुटलीस न्हवं?"

"उद्या म्या खरंच जहर घातलं असतं, तर बी तुमी सोडवलं असतं."

"अलबत!" मी छाती पुढं काढून म्हणालो.

"त्येच," तू म्हणालीस, आणि चालायला लागलीस.

ते "त्येच" आपल्या घरात मग कायमचं राहायला आलं. तुझं म्हणणं एकच होतं. मी तिथं उभं राहून, हकीम नको, गाढव नको, एवढंच म्हणायला हवं होतं, की माझी बायको असलं करणार नाही. "येवढं एक कावून न्हाई म्हनलात?" तू कधी पीठ मळताना विचारायचीस, कधी अंगण सारवताना. आणि मी दर वेळी सांगायचो, की अगं, ते वाक्य गढीत कुणी कानावर घेतलं नसतं. तू पातेलंभर आमटी खाऊन दाखवलीस, ती कुणाच्या डोळ्यांत शिरली नाही. माझं एक कोरडं वाक्य कुणाच्या कानात गेलं असतं? तू म्हणायचीस, "लोकांच्या न्हाई. माज्या गेलं असतं. दाराआड हुते मी." यावर मी उठून बाहेर जायचो.

आज तू नाहीस तरी मी भांडण सोडणार नाही. तसं वाक्य बोललो असतो तर अमीन आला असता. मी जे केलं त्यानं तू माझ्या घरात म्हातारी झालीस. मला तेवढं हवं होतं. तुला काय हवं होतं ते मला कळायचं, पण ते देऊन तू माझ्याजवळ राहिली नसतीस. हे मी तुला असं सरळ कधी सांगितलं नाही. सांगताना मध्ये कुठूनतरी वाघ यायचा.

आणि ती गुलदाणी! एकदा तोंड फुटल्यावर तिला वाचाच आली. थंडीच्या सकाळी अधूनमधून वाजायची, आपसूक. टिंग. मालक लगेच साखर वाटायला लावायचे, म्हणायचे अजून एक बला गेली. तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरल्या आणि मालकांच्या अंगावर मूठमूठ मांस चढलं. भीती गेली, भूक आली. तुला त्यांनी चुलीवरून हलू दिलं नाही. तुझ्या हातच्या आमटीनं बला ओढून घेतली म्हणून तूच पाहिजेस, म्हणायचे. पुढं पिकल्या वयात, पोटभर जेवून, हसत गेले. त्यांचे चिरंजीव हैदराबादेत शिकून आलेले. त्यांना आमटीची गुलदाणी बघून हसूच आवरेना. म्हणाले, टाका ते. तू ती पदराखाली घालून घरी आणलीस.

मला वाटलं तू ती फोडणार. मी तर अंगणात बाजूला दगडसुद्धा काढून ठेवला. तू ती धुतलीस, उन्हात वाळवलीस आणि तिच्यात येसर भरून ठेवलंस. ज्या भांड्यानं येसरावर आळ घेतला, त्याच भांड्यात येसर! आमटी करताना ती कलती करून मूठभर ओतून घ्यायचीस आणि मी बघतोय असं दिसलं की म्हणायचीस, "भिऊ नका, तडा जुना हाय." मी समजलो, आता तुझ्या मनातून गेलं. थट्टा करतेय म्हणजे गेलंच. माझं स्वतःचं सगळं आयुष्य थट्टेत गेलं आणि तरी मी असा समज करून घेतला.

परवा बाईसाहेब आल्या होत्या दुखवट्याला. काठी टेकत, गढीपासून चालत. एवढ्या वर्षांत आपल्या घरी पहिल्यांदा. ओसरीवर शेजारचे सात-आठजण बसलेले होते. कोनाड्यात गुलदाणी दिसली तशी कुणीतरी म्हणालं, "भानबा, तेवढी हकिमाची गोष्ट होऊ द्या. वैनीच्या आत्म्याला बी बरं वाटंल." मी तोंड उघडलं. हकीम दाढीसकट जिभेवर येऊन बसलेला. पण मी म्हणालो, "भांडं गार होतं. आमटी उकळती होती. गार भांड्यात उकळतं घातलं की तडा जातो. माझ्या बायकोनं आमटीत काही घातलं नव्हतं. ती असलं करणारी बाई नव्हती."

ऐकणारे पुढं सरकले.

"मग?"

"मग काही न्हाई."

एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. "आज रंग चढंना गड्याला. दुःखात हाय." थोडा वेळ बसले, उठून गेले. बाईसाहेब तेवढ्या राहिल्या.

"भानबा," त्या म्हणाल्या, "म्हंजी खरंच तिनं काही घातलं नव्हतं?"

"न्हाई, बाईसाहेब."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "मालकांना हकीम आठवला, मला काही पटला नाही. मी म्हटलं, भानबा येवढी मोठी थाप मारतोय, म्हंजी येवढंच मोठं काहीतरी झाकायचं असणार. बिनकारणाचं कोण मारतंय येवढी? म्हणून मी तिच्या हातचं कधी खाल्लं न्हाई. त्या दिवसापासून. घासभर सुदीक न्हाई. बसायची पानावर, चारचौघींच्या समोर चिवडायची, आणि मागनं आपल्या हातची कोरडी भाकर खायची."

त्या गेल्या. मी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो नाही. उठवलंच नाही मला.

गोदे, गढीवर बायकांच्या पंगतीची ताटं उचलायचं काम तुझं होतं. बाईसाहेबांचं ताट रोज दोन्ही वेळा तुझ्याच हातात यायचं. चिवडलेलं, भरलेलं, जसंच्या तसं. इतकी वर्षं. आणि तू घरी आलीस की मी ओसरीवर पाय पसरून विचारायचो, काय म्हणतायत गढीवर, बाईसाहेबांना आवडली का आजची आमटी? तू रांजणातलं पाणी घेऊन हात धुवायचीस, माझ्याकडं पाठ करून, आणि म्हणायचीस, "तर वो! ताट पुसून खाल्लं."